केसभर

दौलतगंजात, शिक्के कोरायच्या माझ्या दुकानात
गुरुवारी दुपारी प्रजापती येतो, टेंपो बाहेर तिरका लावून.
रुमालाच्या चौथ्या घडीतून काढतो पाव आणा, तांब्याचा.
“भाईसाब, साल दो बार छपा है. लाखों का है ना?”

मी लगेच बोलत नाही. मला लगेच बोलता येत नाही.
भिंग डोळ्याला लावतो, दिवा आडवा करतो,
उजेड फक्त कडांना लागू देतो.

साताच्या पाठीशी दुसरा सात आहे खरा.
पण सपाट. जिन्याच्या पायरीसारखा.
ठसा ढिला होता, छापून उठताना घसरला,
आणि जाता जाता पहिल्याचंच अंग खरवडून गेला.
अशी ढिगाने निघतात, कुठलंच दुसऱ्यासारखं नाही.
खालची रेघ तर त्याहून साधी:
कुणीतरी चिंच लावून घासलंय, पितळी तांब्याबरोबर,
दिवाळीच्या आदल्या दिवशी.

“तो असली कैसा होता है?”

पोलादावर पोलाद दाबून ठसा करतात.
एकदा दाबतात, तापवतात, पुन्हा दाबतात,
आणि त्या दुसऱ्या वेळी कधीतरी केसभर हलतं.
मग त्या ठशाखाली जे जे येईल
ते तीच गोष्ट दोनदा म्हणत बाहेर पडतं.
दोन्ही आकडे उंच, दोन्ही गोल,
टोकाशी चीर, टाकाच्या निबेसारखी.
मार खाल्लेल्या नाण्यात धातू ढकललेला असतो,
शोधला तर शेजारी सापडतो, गोळा होऊन बसलेला.
असलीत काहीच ढकललेलं नसतं.

आणि एकट्या नाण्याचं ऐकू नये.
त्याचं भावंड शोधावं. तीच चूक, त्याच जागी.
मगच तोंड उघडावं.

एवढं सांगायला मला पाऊण तास लागला,
कारण प-प… प, पोलाद,
आणि प-प… प, पायरी.
प्रजापती माझे शब्द माझ्याआधी संपवत नाही.
म्हणून त्याच्याकडून मी कधी पैसे घेत नाही.

चार वर्षांचा होतो. दादांची शाईची दौत सांडली,
दादांनी एक दिली, कानाखाली. एकच.
आई म्हणायची, तेव्हापासून.
डॉक्टरांना सांगायची, शाळेत सांगायची,
माझी सोयरीक जुळवायला आलेल्या लोकांनाही
चहाचा कप पुढे करत सांगायची,
आणि दादा तिथेच बसलेले असायचे, सुपारी न कातरता
अडकित्ता हातात धरून.
मला त्यांनी अक्षर उलटं कोरायला शिकवलं
ते टेबलाच्या पलीकडून.
माझा हात चुकला तरी धरला नाही.
पस्तीस वर्षं.

मागच्या रविवारी कंपूत बारसं होतं,
आईच्या सख्ख्या बहिणीच्या नातवाकडे.
थोरला मुलगा पाच वर्षांचा, पंगतीत माझ्या शेजारी.
“प-प…” तो म्हणाला,
थांबला, डावा डोळा मिटला,
“प, पापड.”

दोन जवळजवळ. मग खाच. मग एक.
डावा डोळा. माझाही डावाच मिटतो.

त्याला कुणी मारलेलं नाही, मी विचारून घेतलं,
दोनदा विचारलं, त्याच्या आईला राग येईपर्यंत.
पापड त्याला वाढला.
आणि हात आपोआप खिशात गेला,
भिंगाकडे, जेवणाच्या पंगतीत.

तर आज गुरुवार.
प्रजापतीने नाणं रुमालात परत घडी घातलं.
“कोई बात नहीं. बिटिया को दे दूँगा, खेलेगी.”
टेंपो दुसऱ्या खटक्यात सुरू झाला.

मी दिवा सरळ केला. भुशाने टेबल भरलं होतं, ते पुसलं.
पलीकडची खुर्ची तशीच असते, तिच्यावर आता कागद ठेवतो.
कागद उचलून खाली ठेवले.
दादा, असं म्हणालो, मोठ्याने.
द मला कधीच अडलेला नाही.